आधी खिसा, मग फळा

निकम मॅडमच्या वर्गात शिरायचं तर आधी खिसे रिकामे करावे लागत. नाशिक रोडला रुळांपलीकडच्या वस्तीतली महापालिकेची शाळा, दाराशी निळं प्लास्टिकचं पिंप आणि पिंपाशेजारी पदर खोचून उभ्या मॅडम. "आधी खिसा, मग फळा," म्हणत त्या हात पुढे करायच्या आणि सातवी-आठवीची पोरं मुकाट चाकू, फायटर, सायकलची चेन पिंपात टाकायची. पहिल्या भेटीत मलाही सुट्टी मिळाली नाही. "सर, मोबाइल. तोही काही कमी नाही." मी टाकला. विद्यापीठात विभागप्रमुख असेन मी, त्या दारात माझं काही चालत नव्हतं.

मी तिथे गेलो होतो गरजवंत म्हणून. आमच्याकडे शहरी शिक्षण या विषयाचं वरिष्ठ प्राध्यापकाचं पद रिकामं होतं आणि माणूस शोधायचं लचांड माझ्या गळ्यात पडलं होतं. अर्ज ढीगभर आले होते. झोपडपट्टीवर जाडजूड प्रबंध लिहिलेले महाभाग, पण चपलेला तिथला चिखल लागलेला एकही नाही. निकम मॅडम शहरातल्या बी.एड. कॉलेजात प्राध्यापक होत्या. डॉक्टरेट, पुस्तकं, संशोधन, सगळं होतं. शिवाय सकाळी या शाळेत त्या बिनपगारी शिकवायच्या.

त्या प्रेमळ वगैरे मुळीच नव्हत्या. एकदा माझ्यादेखत दोन पोरांची जुंपली. एकाने दुसऱ्याच्या डोक्यात विटेचा तुकडा घातला, रक्ताची धार लागली. मी भिंतीला चिकटलो. मॅडम मधे घुसल्या, दुसरी वीट स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि मारणाऱ्याला अशी कानाखाली वाजवली की तो बाकावरच बसला. मग त्याच्याच हातात कापूस दिला. "ज्यानं फोडलं, त्यानं पुसायचं." पोरगा रडत रडत पुसत होता आणि मॅडम फळ्यावर अपूर्णांक लिहीत होत्या. शिक्षकाने हात उगारू नये असं मी वर्गात शिकवतो. हे त्यांना बोललो तर म्हणाल्या, "बरोबरच शिकवता. फक्त इथे येऊन शिकवा."

पदासाठी मात्र त्या तयार होईनात. "तुमच्याकडे मुलं नाहीत, टेबलं आहेत. मी तिथे काय करू?" प्रत्येक खेपेला चहा पाजायच्या आणि वाटेला लावायच्या. शेवटी ती शाळाच बंद व्हायची वेळ आली. तिथे बदली झालेला शिक्षक महिनाभरही टिकत नव्हता आणि पोरांना दूरच्या शाळेत हलवायचं घाटत होतं. म्हणजे निम्मी गळणारच. तेव्हा मी म्हटलं, "मॅडम, हे पद घ्या. विद्यार्थी-शिक्षकांचे सराव पाठ कुठे घ्यायचे ते तुम्हीच ठरवाल. सगळे इथे आणा." त्या म्हणाल्या, "अर्ज कुठे भरायचा?"

आता या पदावर एका पुढाऱ्याच्या भाच्याचाही डोळा होता. मॅडमचा अर्ज गेल्याचं कळलं आणि धमक्यांचे फोन सुरू झाले. मला आला तेव्हा माझी बोबडी वळली, खोटं कशाला सांगू. मॅडम मूळच्या सटाण्याकडच्या. डोकं फिरलं की अहिराणीवर यायच्या. मी इथेच आहे, असं त्यांनी माझ्यासमोरच फोनवर ऐकवलं, "मी आठेच शे. ये." आणि पोरांच्या वह्या तपासायला घेतल्या.

मुलाखतीच्या आदल्या सकाळी मी त्यांना शाळेतून घ्यायला गेलो होतो. फाटकापाशी मोटारसायकल थांबली. मागे बसलेला, तोंडाला रुमाल बांधलेला पोरगा उतरला, शर्टातून कोयता काढला आणि पहिला घाव मॅडमच्या डोक्यात घातला. त्या पडल्या नाहीत. दुसरा घाव खांद्यावर बसला, तरी त्यांनी त्याचा रुमाल ओढून काढला. सागर होता. वस्तीतला साग्या, त्यांच्याकडे पाचवीपासून शिकलेला. "साग्या, तू?" एवढंच त्या बोलल्या. त्याने डोळे मिटून तिसरा घाव हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मला गाडीत ऐकू आला. अजूनही येतो.

सिव्हिल हॉस्पिटलात फौजदार म्हणाले, "ओळखलंत का?" मला वाटलं, आता बाई पोराला पाठीशी घालणार. मॅडम म्हणाल्या, "सागर. लिहा. न ओळखायला काय झालं? मी शिकवलंय त्याला." साग्याची आई धावत आली, पायाशी लोळली. तिला एका हाताने उठवत त्या म्हणाल्या, "वकील मी बघून देते. नाव मागे घेणार नाही."

दुसऱ्या दिवशी डोक्याला टाके आणि हात प्लास्टरमध्ये घेऊन त्या मुलाखतीला हजर. समितीचे अध्यक्ष त्या भाच्याच्या बाजूचे, हे आम्हाला ठाऊक होतं. त्यांनी गोड आवाजात विचारलं, "मॅडम, ज्याला तुम्ही इतकी वर्षं शिकवलंत त्यानेच कोयता चालवला. मग तुमच्या या शहरी शिक्षणाचा उपयोग काय झाला?"

मॅडम म्हणाल्या, "साहेब, साग्या गेली काही वर्षं हाच धंदा करतो. कोयता कसा धरायचा हे त्याला कोणी सांगायला नको. काल त्यानं तीन घाव घातले. तिन्ही उलट्या बाजूनं." त्यांनी प्लास्टरचा हात टेबलावर ठेवला. "हाड मोडलं, पण हात आहे. धारेनं मारलं असतं तर मी इथे नसते. एवढाच उपयोग झाला. यापेक्षा जास्त पाहिजे असेल तर त्या शाळेत माणसं द्या."

बाहेरून आलेल्या तज्ज्ञ बाईंनी तिथेच सांगितलं, दुसऱ्या नावावर मी सही करणार नाही. मॅडमची निवड झाली. पुढच्याच महिन्यात आमची विद्यार्थी-शिक्षकांची तुकडी त्या शाळेत रुजू झाली आणि शाळा वाचली. मॅडम गेल्या वर्षी हृदयविकाराने गेल्या, पण शाळा चालू आहे.

त्याआधी साग्यावरचा खटला उभा राहिला तेव्हा साक्षीसाठी मीच त्यांना कोर्टात नेलं. पिंजऱ्यात उभ्या असलेल्या साग्याकडे बोट दाखवून त्या स्पष्ट म्हणाल्या, "मारणारा हाच." मग म्हणाल्या, "आणि उलट्या बाजूनं मारलं, हेही लिहून घ्या." साग्या खाली मान घालून उभा होता. मॅडम ताठ चालत गाडीपर्यंत आल्या, दार लावून घेतलं आणि हमसून हमसून रडायला लागल्या. मला वाटलं हात दुखत असेल. मी पाणी पुढे केलं.

"पोरगं किती वाळलं हो सर," त्या म्हणाल्या.