पालथा तळवा

“जीभ गेली म्हंजी मी गेले, असं कुणी समजू नगा.”

विजयमाला हे बोलली ती दिवाळीत, फराळाची ताटं समोर असताना. मुलगा सिद्धराम अकलूजहून आला होता. तिथल्या एका साखर कारखान्याच्या कचेरीत तो नोकरीला होता. त्याच्या हातातली चकली तोंडापाशी थांबली.

“आई, सणासुदीला काय बोलतीस हे?”

“सणासुदीलाच तू येतोस की. मग कवा बोलू?”

तेव्हा तिनं साठी ओलांडली होती आणि ती चांगली धडधाकट होती. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या दोन खोल्यांत एकटी राहत होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. सकाळची रक्तदाबाची गोळी सोडली तर औषध नव्हतं. पण तिच्या आईच्या अंगावरून याच वयात वारं गेलं होतं, आणि आईच्या आईच्याही. “ते आपल्या घरची वाट चुकत न्हाय,” ती म्हणायची. पाहुणा येणार म्हटल्यावर ज्या सुरात बोलतात, त्या सुरात.

आई मायाक्का सांगोल्याकडच्या माळावरची. मेंढपाळाच्या घरची. एका टेकडीवरून हाक मारली तर दुसऱ्या टेकडीवरचं मेंढरू मान वर करायचं. तो आवाज एका सकाळी गेला आणि बाई तीन पावसाळे बाजेवर पडून राहिली. डोळे मात्र जागे होते. बाज दारातून उचलून आतल्या अंधारात नेली, तेव्हा तिनं तळहात बाजेच्या गात्यावर, कडेच्या लाकडावर, आपटला. तिची लाडकी मेंढी दुसऱ्याच्या कळपात दिली, तेव्हाही आपटला. “वात झालाय,” थोरला मुलगा बिरदेव म्हणाला. सगळ्यांना ते पटलं. विजयमाला माहेरी जाऊन तिला चमच्यानं दूध पाजायची. मायाक्काला जन्मभर दुधाचा वास सोसला नव्हता, चहासुद्धा ती कोरा प्यायची. विजयमालाला ते ठाऊक होतं. पण आजाऱ्याला दूध द्यायचं असतं, यापलीकडे त्या वेळी तिला काही सुचलं नाही. गालावरून ओघळलेलं दूध ती पदरानं पुसायची आणि पुन्हा चमचा भरायची.

आई गेल्यावर तिला तो तळहात ऐकू येऊ लागला. गात्यावर आपटणारा. ती आईची बोली होती आणि घरात कुणालाही ती येत नव्हती.

विजयमालाला मात्र एक बोली येत होती. तिची हयात गेली होती ती मागांच्या कारखान्यात, सुताच्या कांड्या भरण्यात. माग सुरू झाले की माणसाचा आवाज पाण्यात टाकलेल्या मिठासारखा नाहीसा व्हायचा. विणकर तेलुगू बोलणारे, माग दुरुस्त करणारा दखनी बोलणारा, शेजारच्या यंत्रावरची मल्लव्वा कन्नड बोलणारी. पण त्या गोंगाटात कुणाचीच भाषा चालत नव्हती. चालायचे ते हात. दोन हातांत धागा धरून तोडल्यासारखं केलं की सूत तुटलं. मूठ छातीशी आणून उघडली की कांड्या संपल्या. बोटं कानाजवळून झपकन नेली की सूत नेणारा धोटा मागातून उडाला, वाका. अंगठा खांद्यावरून मागे केला की मालक आला. आणि पालथा तळवा हवेत खाली दाबला की माग बंद.

तो कारखाना बंद पडला. तिथं आता कसलंसं गोदाम आहे. ती बोली जाणणारे पेठेत विखुरले, काही पुण्याला गेले, काही मेले. विजयमाला आणि मल्लव्वा एकाच भिंतीच्या दोन बाजूंना म्हाताऱ्या होत राहिल्या.

त्या दिवाळीनंतर दोघी संध्याकाळी ओट्यावर बसून हात हलवू लागल्या. कारखान्याच्या बोलीत माणसाच्या शरीराला शब्द नव्हते. ते करायचे होते. तुटलेलं सूत म्हणजे दुखतंय, असं ठरलं. रिकामी कांडी म्हणजे भूक. ‘दूध नको’ला फार दिवस लागले. मल्लव्वानं गाईची शिंगं करून दाखवली.

“ते बैल वाटतंय,” विजयमाला म्हणाली. “मला बैल नको म्हणून काय करू?”

“अय्यो, विजाक्का, या वयात बैल कोण देतंय तुला?”

हसू आवरल्यावर विजयमालानं पुन्हा हात उचलला. चेष्टा तिला चालत होती, अर्धवट सोडलेलं चालत नव्हतं. पाणी सोलापुरात येतं तेव्हा येतं. तिनं मोठे हंडे देऊन टाकले आणि एका हातानं उचलतील अशा लहान कळश्या घेतल्या. दारापासून मोरीपर्यंत भिंतीला दोरी बांधली. दवाखान्याच्या कागदांची पिशवी दारामागच्या खिळ्याला अडकवली. दुसरी किल्ली मल्लव्वाकडे गेली.

सिद्धराम पुढच्या खेपेला आला तेव्हा ती त्यालाही शिकवायला बसली.

“मुक्यांची शाळा काढलीस का आई?”

“व्हय. भरती चालू हाय. नाव लिवू का?”

तो हसला नाही, उठून मोबाईल घेऊन बाहेर गेला. आईच्या मरणाची तालीम त्याला बघवत नव्हती. ती तालीम मरणाची नाही, जगण्याची आहे, हे त्याला सांगायला ती त्याच्यामागून ओट्यावर गेली. तेव्हाच तिनं त्याला मायाक्काची सगळी हकीकत सांगितली, दुधापर्यंत. तो खाली बघत ऐकत राहिला. शिकला नाही.

एक गोष्ट मात्र तिच्याही ध्यानात आली नव्हती. सगळं बोलणं ती उजव्या हाताच्या भरवशावर शिकत होती.

वारं गेलं ते चैत्रात, पाणी आलेलं असताना. नळाखालची कळशी भरून वाहू लागली, पाणी गल्लीतून मल्लव्वाच्या दारात गेलं. “विजाक्का, पानी!” ओरडत मल्लव्वा बाहेर आली. विजयमाला नळापाशी बसलेली होती. तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कुणाचा ठेवल्यासारखा. मल्लव्वानं खिळ्यावरची पिशवी ओढली आणि रिक्षा थांबवली.

“त्यांना सगळं कळतंय,” डॉक्टरांनी सिद्धरामला सांगितलं. “समज शाबूत आहे. जीभ आणि घसा ऐकत नाही. गिळण्यात सुधारणा होईल. बोलणं कितपत येईल, आत्ता सांगता येत नाही.”

सिद्धराम रजा घेऊन आईच्या उशाशी राहिला. तिला पुसणं, कूस बदलणं, सगळं त्यानं केलं. पण तिच्याकडे बघून तो बोलेना. बोलायचा तो नर्सशी, डॉक्टरांशी, फोनवर बायकोशी. विजयमालानं उजवा हात उचलायचा प्रयत्न केला. हात आला नाही. मग तिनं डावा हवेत फिरवला. डाव्याला काही येत नव्हतं. तो माशी हाकलल्यासारखा हलला आणि सलाईनची नळी निसटली. दुसऱ्यांदा निसटली, तेव्हा नर्सनं तो पट्टीनं खाटेच्या दांडीला बांधला. तिच्यावर सगळा वॉर्ड होता, तिचंही खरं होतं. माळावरून बिरदेव भेटायला आला, बांधलेल्या हाताकडे बघून म्हणाला, “आईवानीच. वात झालाय.”

त्या क्षणी विजयमाला बाजेवरची मायाक्का झाली. डोळे छताकडे गेले.

दुपारी मल्लव्वा सिद्धरामसाठी डबा घेऊन आली. पट्टी बघितली आणि डबा खाली ठेवून गाठ सोडू लागली.

“ओ मावशी, सोडू नका, नळी काढतात त्या,” नर्स म्हणाली.

“नळी मी धरते की. मी धरते. हात नको बांधू बाई, ती जीभ हाय तिची.”

नर्स थांबली. “मग नीट धरा,” एवढंच म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे गेली. सुटलेल्या हातानं विजयमालानं काही केलं नाही. तो पोटावर ठेवून ती कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिली. नवा कामगार घ्यावा का, असं बघत असल्यासारखी.

घरी आल्यावर शाळा पुन्हा पहिलीपासून सुरू झाली. डावा हात बोबडा होता. रिकामी कांडी म्हणायचा तर मूठ अर्धीच उघडायची. मल्लव्वा मुद्दाम वेड पांघरायची, “काय? भूक? का भांडन?” मग विजयमाला चिडून पुन्हा करायची, आणि चिडून केलेलं नीट व्हायचं. सूत तुटल्याची खूण दोन हातांची. एकानं कशी करणार? तिनं निजलेला उजवा हात मांडीवर सरळ ठेवला, त्याच्या बोटांना खुंटी केलं आणि डाव्यानं त्यांच्यातून नसलेला धागा ओढून तोडला. मल्लव्वा बघतच राहिली. या वेळी तिनं चेष्टा केली नाही.

पुढे पायात थोडं बळ आलं. डॉक्टरांनी रोज कोपऱ्यापर्यंत चालायला सांगितलं. काठी डाव्याच हातात धरावी लागे. म्हणजे एक तर चालायचं, नाही तर बोलायचं. चालताना कुणी हाक मारली तर ती भिंतीला टेकून थांबे, काठी काखेत धरी, उत्तर देई आणि मगच पुढचं पाऊल टाकी.

श्रावणात एका सकाळी सिद्धराम छोटा टेम्पो घेऊन आला. सोबत बिरदेवमामा. सिद्धरामनं अकलूजला घराची खालची खोली रिकामी केली होती, न्हाणीत धरायला दांड्या बसवल्या होत्या. या खोल्यांना भाडेकरूही बघितला होता. हे सगळं तो दारातूनच सांगू लागला, तसा विजयमालानं डाव्या हाताचा अंगठा खांद्यावरून मागे केला.

मल्लव्वा फसकन हसली.

“काय म्हणाली?” सिद्धरामनं विचारलं.

“मालक आला म्हणते.”

सिद्धराम ओशाळला. मग मल्लव्वा गंभीर झाली, कारण विजयमालाचा हात चालूच होता. “ती येणार न्हाय म्हणते. हितंच ऱ्हानार.”

“हे ती म्हणते का तुमी म्हणता, मावशी?”

मल्लव्वाचा चेहरा उतरला. “माज्या लेकराची शपथ,” ती हळू म्हणाली, “मी तिच्या तोंडात काय घालत न्हाय.”

“मला भांडायचं नाही. पण ती रात्री पडली, तर मी तिथून कसा येऊ? तुमी पण किती दिवस बघणार? तुमचंबी वय झालंय.” त्याचा आवाज चिरकला. तो रागावला नव्हता, घाबरला होता, आणि जे बोलत होता ते खोटं नव्हतं.

“आरं, उचल ती पेटी,” बिरदेव कंटाळून म्हणाला. “तिला काय इचारत बसलाईस? आईला इचारलं हुतं व्हय आमी?”

सिद्धरामनं मामाकडे बघितलं, मग पेटीकडे. तरी त्यानं पेटी उचलली. ठरवलेलं काम हातात घेतलं की विचार करावा लागत नाही. तो दाराकडे वळला. उंबऱ्याशी आला.

विजयमालानं काठीच्या टोकानं कळशीवर टोला दिला. आवाजानं त्यानं वळून बघितलं. तिनं काठी मांडीवर टाकली, हात वर केला आणि पालथा तळवा हवेत खाली दाबला.

सिद्धरामचे पाय थांबले. त्यानं थांबवले नव्हते. लहानपणी तो कारखान्यात तिचा डबा घेऊन जायचा. उडालेला धोटा पोराला लागेल म्हणून तिनं त्याला शिकवलं होतं, माझा तळवा दिसला की दारातच थांबायचं, जीव गेला तरी आत यायचं नाही. गोंगाटाच्या पलीकडून, सुताच्या उडत्या पिंजीतून तो तळवा दिसायचा आणि तो थांबायचा. शिकायचं नाही म्हणून ओट्यावरून उठून गेलेल्या माणसाच्या पायांना ती बोली केव्हाचीच येत होती.

त्यानं पेटी खाली ठेवली. आईसमोर येऊन जमिनीवर बसला. मल्लव्वा पुढे सरकली, तर त्यानं तिला नको अशी मान हलवली. मग त्यानं स्वतःचा हात उचलला, तळवा वर केला आणि हलवला. काय?

विजयमाला बोलू लागली. बोट जमिनीकडे, इथं. भिंतीवरची दोरी. कळश्या. मल्लव्वाची भिंत. निजलेल्या बोटांतून धागा ओढून तोडला आणि सिद्धरामच्या खिशातल्या मोबाईलला बोट लावलं. त्याला अर्धं कळलं. जे कळलं नाही, त्याला त्यानं पुन्हा तळवा हलवला. तिनं पुन्हा केलं. घाई कुणाला नव्हती. बाहेर टेम्पोवाल्यानं एकदा हॉर्न दिला.

“सूत तुटलं तर मला बोलवशील, असंच ना?” तो म्हणाला. तिनं मान हलवली. मग तो म्हणाला, “मला भीती वाटते, आई.”

ती थांबली. मग बोटं कानाजवळून झपकन नेली आणि मान वाकवली. मान पुन्हा वर केली. आणि डावा हात हवेतच कांडी भरू लागला, शांतपणे, पहिल्यासारखा.

“काय म्हणतीया?” बिरदेवनं विचारलं.

“धोटा उडतो म्हणते.”

“मग?”

“मग वाकायचं, मामा. आणि परत कामाला लागायचं.”

बिरदेव उंबऱ्याकडे बघत उभा राहिला. टोपी काढली, परत घातली. सिद्धरामनं पेटी उचलून जागेवर नेऊन ठेवली. मागून मल्लव्वा म्हणाली, “थोडं डावीकडं रे, हितं दोरी हाय तिची.” त्यानं पेटी डावीकडे सरकवली.

कोपऱ्यापर्यंत चालण्याची वेळ झाली होती. विजयमालानं काठी घेतली आणि तिच्या मुठीभोवती बोटं एकेक करून आवळली. सिद्धराम धरायला पुढे झाला, पण तिच्याकडे बघून तिथंच थांबला. ती मामा-भाच्यांच्या मधून गेली, उंबऱ्यावर काठी टेकवली, आधी डावं पाऊल, मग ओढत उजवं, आणि ऊन पडलेल्या गल्लीत उतरली.