लाल शाईतला ठिपका

माझा पहिला संशोधन निबंध छापून आला, तेव्हा त्याच्या पन्नास सुट्या प्रती टपालानं लासुर्ण्याला आमच्या घरी आल्या. पुण्यात मी दर वर्षी खोली बदलायची, म्हणून पत्ता घरचा दिला होता. तिथंच चुकलं. घरी तात्या होते, म्हणजे माझे वडील, निवृत्त प्राथमिक शिक्षक. गप्प बसणं त्यांच्या प्रकृतीला मानवत नसे.

निबंध साधाच होता. लासुर्णे आणि जवळच्या निरवांगीतली पन्नास घरं मी वही घेऊन वर्षभर पालथी घातली होती. पिण्याचं पाणी जितकं लांबून आणावं लागतं, तितकी घरातली पोरं जुलाबानं जास्त आजारी पडतात, एवढंच त्यात म्हटलं होतं. शेवटी आलेख. एकेक घर म्हणजे एकेक ठिपका. ठिपका जितका वर, तितकं त्या घरात आजारपण जास्त.

पुण्याच्या कॉलेजातली माझी नोकरी तेव्हा हंगामी होती. कायम होण्यासाठी मुलाखत लागली आणि पत्रात लिहून आलं की निबंधाच्या तीन मूळ प्रती आणाव्यात, झेरॉक्स चालणार नाही. मी निर्धास्त. आदल्या दिवशी सकाळच्या एसटीनं लासुर्ण्यात उतरले आणि प्रती मागितल्या.

"वाटल्या की," तात्या म्हणाले.

"कुणाला?"

"ज्यांची माहिती घेतलीस त्यांना. त्यांचंच हाय ते. कपाटात ठिवून काय लोणचं घालायचं व्हतं?"

माझं डोकंच फिरलं. "तात्या, माझी नोकरी वाटलीत तुम्ही गावभर," असं मी भर अंगणात ओरडले. त्यांनी टोपी घातली, लुना बाहेर काढली आणि म्हणाले, "बस मागं."

पहिल्या घरी प्रतीचं पोराच्या वहीला कव्हर घातलेलं. दुसऱ्या घरी तिच्यावर पिठाचा डबा. तिसऱ्या आणि चौथ्या घरी मात्र कोऱ्यासारख्या प्रती मिळाल्या. तिसरी प्रत मिळाली निरवांगीत, नातवंडं सांभाळणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंकडे. त्यांनी ती ट्रंकेत लुगड्याच्या घडीत ठेवली होती.

"देते, पण माघारी आणायची. मी हाय त्यात," म्हणाल्या आणि आलेखाचं पान उघडून सगळ्यांत वरच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. ठिपक्याभोवती लाल शाईचं गोल. "ह्यो माझा. मास्तरांनी दावला."

मी उरलेल्या दोन प्रती उघडल्या. दोन्हींत लाल गोल, पण वेगवेगळ्या ठिपक्यांना. तात्यांनी माझ्या जुन्या वह्या काढून, पट्टी लावून, पन्नासच्या पन्नास घरं हुडकली होती.

"तात्या, ही माहिती गुप्त ठेवायची असते हो."

"ज्याचा त्यालाच दावला. दुसऱ्याचा कुणाला दावला न्हाय."

सकाळी त्यांच्यावर ओरडल्याची मला तिथं फार लाज वाटली.

मुलाखतीला समितीच्या अध्यक्षांनी पहिलाच प्रश्न टाकला, "या निबंधाचा संदर्भ आजवर किती संशोधकांनी घेतला?" एकानंही घेतला नव्हता, तसं मी सांगून टाकलं. मनात म्हटलं, संपलं, आता गाशा गुंडाळा. मग त्यांनी प्रत उघडली. "हे लाल काय आहे?" लपवण्यात अर्थ नव्हता, तात्यांचा सगळा उद्योग मी सांगितला. त्यांनी तिन्ही गोल शेजारी शेजारी ठेवून पाहिले. "या तीन घरांत आता पाणी कुठून येतं?" मी कालच तिथं जाऊन आले होते. दोन घरी नळ आलाय, निरवांगीच्या आजींकडे अजून लांबच्या विहिरीचंच, असं घडाघडा सांगितलं. निबंध लिहिताना एवढं घडाघडा मला काही आलं नव्हतं.

नोकरी कायम झाली. पुढं त्या निबंधाचा संदर्भ बऱ्याच जणांनी घेतला, परदेशातूनही. पण आधी, त्याच महिन्यात, मी निरवांगीला प्रत परत द्यायला गेले. बाईंनी पान उघडून आपला ठिपका जागेवर आहे ना ते पाहिलं.

"लागली नोकरी?"

"लागली, आजी."

"बरं झालं. मग आता ह्यो जरा खाली आण."