यादीतली सहावी मी, नववीही मीच

मंडळी, आज सकाळी गंगापूर रोडच्या आमच्या जुन्या बास्केटबॉल क्लबमध्ये भांडून आलेय. अजून डोकं तापलेलंच आहे.

क्लबने भिंतीवर यादी लावलीय, आजवरच्या खेळाडूंचे सर्वात भारी दहा सीझन. जुन्या स्कोअरबुकांतून पॉइंट मोजून केलेली. पहिली आमच्याच टीममधली रेखा. सहावी सुनंदा पगार. नववी शुभदा देवरे.

यादी करणारा नवा कोच मला ओळखत नव्हता. मी विचारलं, "या दोघी कोण रे?"

"जुन्या प्लेअर आहेत, काकू. एकीने सीझन अर्ध्यात सोडला, तिच्या जागी दुसरी आली."

"कुणी काही सोडलं नाही! दोघीही मीच. मध्ये माझं लग्न झालं."

सासरी ताटातल्या तांदळात नवं नाव लिहिलं गेलं, आणि पुढच्याच मॅचला स्कोअररने तेच वहीत चढवलं. हातावरची मेंदीसुद्धा गेली नव्हती, तेव्हा मी कोर्टवर होते.

कोच ओशाळला. "बेरीज केली तर तुम्ही पहिल्या येता. पण आता फ्रेम झालीय ना. रेखाताईंना काय सांगू?"

मी तिथूनच रेखाला फोन लावला. ती म्हणाली, "मग उभी काय राहिलीस? उतरव ती फ्रेम!"

उतरवली.

"नाव कुठलं लिहू?" कोचने विचारलं.

"दोन्ही. एकाच ओळीत."

बायांनो, तुमचेही असे दोन तुकडे कुठल्या वहीत पडलेत? कमेंटमध्ये दोन्ही नावं लिहा. एकाच ओळीत.