हिरवळीवरचं लुगडं

उमरग्याजवळ हायवेला एका शेठजींनी गोल्फचं मैदान केलंय आणि त्याचं गवत मी राखतो. त्या पावसाळ्यात हवा इतकी दमट, की माझ्या मिशीला मोड आले. हिरवळीवर बुरशीचे पांढरे ठिपके पडले, तसे शेठजी म्हणाले, "गवत गेलं तर इथं मंगल कार्यालय काढतो." माझी झोपच उडाली.

बायको म्हणाली, "दवानं बुरशी वाढते, गवतावर दव बसू देऊ नका. हरभऱ्यावर रात्री फडकं पसरून दवातलं आंबट पाणी, आंब, धरतो, तसं टिपून घेऊ." मग रोज उजाडताना आम्ही दोघं तिच्या जुन्या लुगड्याची टोकं धरून हिरवळीवरून फिरायचो. ते पिळलं की निम्मं धरण भरायचं.

एकदा शेठजी मागं येऊन उभे. "परीटघाट मांडलाय व्हय?"

"तुमचं गवत पुसतोय, शेठजी," बायको म्हणाली.

त्यांनी वाकून पाहिलं. ठिपके विरळ झाले होते. दुसऱ्या दिवशी ते घरचा जरीचा शालूच घेऊन आले.

"ह्यो पाणी पीत न्हाय," बायकोनं शालू परत केला. "आमच्याच लुगड्याचं टोक धरा."

आता एक टोक शेठजींकडं, दुसरं माझ्याकडं. बायको कडेला उभी राहून हुकूम सोडते, आणि मंगल कार्यालयाचं नाव कुणी काढत नाही.