दिवटी खाली पडली नाही

हे पडले तेव्हा दिवटी तिघांनी झेलली. यांना कुणी झेललं नाही.

आमच्या जे. पी. नगरच्या घराच्या हॉलमध्ये गोंधळ चालला होता. मध्ये पाच उसांखाली देवीचा कलश, ज्योत हलू नये म्हणून पंखा बंद, आणि संबळ इतका जोरात की कानाला दडे बसत होते. माझा नवरा हातात पेटती दिवटी घेऊन कलशाभोवती फिरत होता. दुसऱ्या फेरीत पाऊल तिरकं पडलं आणि हे उजव्या अंगावर कलंडले. मुलानं दिवटीचा दांडा धरला. यांच्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे अक्कांनी, खालून दोन्ही हात घातले. त्यांचे तळवे भाजले. तुणतुणंवाल्यानं तुणतुणं टाकून झेप घेतली तीही दिवटीकडेच. दिवटीवर तेल घालायचं काम घरच्या बाईचं, म्हणून तेलाची बुदली माझ्या हातात होती. ती खाली ठेवून मी पुढं होईपर्यंत यांचा खुबा फरशीवर आपटला होता. आवाज मी ऐकला. संबळ तोवर थांबला होता.

दिवटी जमिनीला लागू द्यायची नाही, हे आमच्याकडे मुलांना चालता येण्याआधी कळतं. ती पडली तर घरावर काही तरी येतं म्हणतात. कुणी विचार करून तिला धरलं नाही. हात आपोआप गेले.

यांची चक्कर त्याच्या बऱ्याच आधी सुरू झाली. हे शिंपी. यांच्या आज्याच्याही आज्यापासून आमची माणसं याच गावात, घरात मराठी, दुकानात कन्नड. एके दिवशी गिऱ्हाइकाच्या पँटची लांबी मापायला हे खाली बसले आणि उठताना गिऱ्हाइकालाच धरून उभे राहिले. म्हणाले, कापायला पसरलेलं कापड खालून कुणी तरी ओढतंय असं वाटलं, फक्त त्या कापडावर मीच उभा होतो. मी म्हटलं, उन्हात फिरलात, लिंबूपाणी घ्या.

लिंबूपाण्यानं जाणारी ती चक्कर नव्हती. कधी सकाळी यायची, कधी जेवताना, कधी आठवडाभर यायचीच नाही. मान वर केली की येते म्हणावं, तर कधी मान वर केली तरी यायची नाही. खडूची रेघ वाकडी जायला लागली. एका बाईचा ब्लाउज गळ्यापाशी चुकला, आणि यांनी आपणहून कात्री गुंडाळून कपाटात ठेवली. त्या दिवसापासून हे खिडकीपाशी खुर्चीत बसायला लागले.

डॉक्टर झाले. कानाचे झाले, मानेचे झाले, डोक्याचे झाले. यांना त्या बोगद्यासारख्या मशीनमध्ये घातलं. एकानं पलंगावर आडवं पाडून डोकं खाली लोंबकळत ठेवलं आणि इकडून तिकडे वळवलं, म्हणे कानातले खडे जागेवर बसतील. घरी आल्यावर दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. प्रत्येक कागदावर नॉर्मल. शेवटी हे म्हणायला लागले, "मी इतका नॉर्मल आहे की मला उभं राहता येत नाही."

मुलगा बेळ्ळंदूरला कंपनीत आहे. तो एकदा जरा चाचरत म्हणाला की कधी कधी मनाचंही असतं, बाबा. नंतर हे मला म्हणाले की मन खुर्चीत बसून राहायला तयार असतं तर मी एवढी वर्षं कात्री कशाला चालवली असती.

मी चौथी शिकलेली बाई. औषधातलं मला काही कळत नाही आणि देवातलंही फारसं नाही. पण डॉक्टर काहीच नाही म्हणतात आणि माणूस तर भिंत धरून संडासला जातो, अशा वेळी हात बांधून बसता येत नाही. जो जे सांगेल ते मी केलं. धन्याचं पाणी दिलं, सुंठ-साखर दिली, ओव्याची पुरचुंडी उशाला ठेवली, मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. वरच्या मजल्यावरच्या बाई रोज विचारायच्या आणि रोज म्हणायच्या, स्वल्प दिवस थांबा, सरी होईल, म्हणजे ठीक होईल. हेब्बाळला एक जण तळपायावर लाकडी काठी दाबून बरं करतो असं कळलं, तर तिकडेही नेलं. गाडी उड्डाणपुलावर वळली की हे डोळे मिटून माझं मनगट धरायचे. पोचेपर्यंत मनगटावर बोटं उमटलेली असायची. काठीवाल्यानं पाय दाबला आणि हे ओरडले. तो म्हणाला, दुखतंय म्हणजे लागू पडतंय. हे म्हणाले, मग मारलं तर अजून लवकर लागू पडेल.

मग एक वैद्य झाले. त्यांनी चिंच बंद केली, दही बंद केलं आणि कॉफी बंद केली. दह्याचं यांना काही वाटलं नाही. कॉफीचं वाटलं. मी सोडली नव्हती. मी स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्यानं पिऊन घ्यायची, पण वास कुठं लपतो. बाहेरून आवाज यायचा, "आज डिकॉक्शन पातळ झालंय." मी आतून म्हणायची, तुम्हाला काय करायचंय.

एवढं करूनही फरक नाही म्हटल्यावर अक्का बोलल्या. अक्का यांच्याहून मोठ्या, विधवा, पलीकडच्या गल्लीत राहतात. त्यांचं म्हणणं असं की मुलाच्या लग्नानंतर गोंधळ घालायचा राहिला. ते खरं होतं. मुलाला रजा नव्हती, सून माहेरी जाणार होती, पुढं बघू म्हणून राहिलं ते राहिलं. आमच्यात लग्नकार्य झालं की देवीचा गोंधळ घालावाच लागतो, आणि तो घरच्या कर्त्यानं दिवटी धरल्याशिवाय पुरा होत नाही. अक्का म्हणाल्या, देवी आठवण करून देते आहे.

मला पटलं नाही. देवीला आठवण करून द्यायची तर तिनं मुलाला चक्कर आणली असती, लग्न त्याचं होतं. मी हे अक्कांना तोंडावर सांगितलं. पण यांचा चेहरा बघितला आणि गप्प बसले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा हे खुर्चीत ताठ बसले होते.

बेळगावकडून गोंधळी बोलावले. इमारतीत रात्री वाजवायला परवानगी नाही म्हणून संध्याकाळचा मुहूर्त काढला. यांनी माळ्यावरून दिवटी खाली काढायला लावली आणि चिंचेनं स्वतः घासली. म्हणाले, खाता येत नाही, निदान हाताला तरी लागू दे. कपाटातून कात्रीही बाहेर आली. जुन्या मऊ धोतराच्या पट्ट्या कापून यांनी दिवटीचा काकडा वळला. पट्ट्या सरळ कापल्या होत्या. मी मुद्दाम हातात घेऊन बघितल्या.

गोंधळाच्या दिवशी मी खुर्ची आणून कलशापाशी ठेवली. म्हटलं, बसून धरा. गोंधळीही म्हणाला की बसून धरली तरी देवीला पोचते. मुलानं तर हातच पुढं केला. म्हणाला, "बाबा, मी फिरतो. तुम्ही नुसता हात लावा."

बाप असताना मुलगा दिवटी उचलत नाही. हे तिथं सगळ्यांना माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. तरी तो म्हणाला, ते मला आवडलं.

यांनी खुर्ची पायानं सरकवली. "मी अजून आहे," म्हणाले.

अक्कांनी काकडा पेटवला, मी तेल घातलं. पहिली फेरी यांनी छान घातली. डोकं वर, पाय घट्ट. अक्का रडत होत्या. मलाही वाटलं की झालं, सुटलो.

दवाखान्यात खुब्याचं ऑपरेशन झालं. डोक्याला मार लागलाय का म्हणून पुन्हा त्या बोगद्यात घातलं. नॉर्मल. शुद्धीवर आल्यावर यांनी पहिलं काय विचारलं, तर दिवटी.

"खाली पडली नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. "तुम्हीच पडलात."

हे हसले. हसताना दुखलं म्हणून थांबले.

घरी आणल्यावर एक गंमत झाली. यांची चक्कर गेली. पाठीवर पडून राहायचं, कूस वळायची नाही, तर चक्कर येणार कुठून. हे म्हणायचे, औषध सापडलं, फक्त उठायचं नाही. मी वैद्यांचं सगळं बंद केलं आणि कॉफी सुरू केली. पेला तोंडाला लावता येत नव्हता, म्हणून चमच्यानं पाजायची. पहिला चमचा तोंडात बराच वेळ धरून ठेवला आणि मग म्हणाले की पातळच आहे.

त्यानंतर छातीत कफ साठत गेला. डॉक्टर म्हणाले, पडून राहिल्यावर या वयात होतं असं. खोकायला जोर लागतो, तो यांच्यात उरला नव्हता. मी पाठीखाली उशा लावायची, छातीवर कापूर-तेल चोळायची, मुलगा वाफेचं मशीन घेऊन आला. शेवटच्या सकाळी मी कॉफी केली, दाट केली. चमचा ओठाला लावला तर ती बाहेर ओघळली. मी पदरानं पुसली आणि दुसरा चमचा भरला. तो भरून तसाच हातात धरून किती वेळ बसले ते आठवत नाही. मुलानं येऊन हातातून काढून घेतला.

चक्कर कशाची होती ते आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही.

यांचे दिवस झाल्यावर अक्का आल्या. तळव्यांवरचे डाग अजून लाल होते. दिवटी खाली पडली नाही म्हणजे देवीनं आपलं घेतलं, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, हो, घेतलं. त्या उठून गेल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा आल्या, मी कॉफी दिली. दोघींनी प्यायली.

दिवटी माळ्यावर ठेवली आहे. तिच्यावर यांनी वळलेला काकडा अर्धा जळालेला तसाच आहे. आता ती मुलानं धरायची. त्यानं अजून विचारलेलं नाही आणि मीही ती खाली काढलेली नाही.

त्या संध्याकाळी हॉलमध्ये होतो त्यांतले अक्का आहेत, मुलगा आहे, गोंधळी त्यांच्या गावी आहेत. मी आहे. हे नाहीत.