दाराची ओवी

आमच्या घरी दर गुरुवारी संध्याकाळी सातला दाराची कडी लागायची. आता लागत नाही. का लागत नाही ते सांगते, पण आधी ती कडी आणि ती लावणारा माणूस, दोघंही नीट कळायला हवेत.

घर गांधीबागेच्या कापडबाजारामागं, पहिल्या माळ्यावर. खाली कापडाच्या गठ्ठ्यांचं गोदाम, म्हणून दिवसभर हातगाड्यांचा खडखडाट आणि हमालांची ओरड. अरुंद जिना चढला की थेट आमची पुढची खोली लागते. तिथं माझे बाबा बायबल शिकवतात. बाबा काही पाळक, म्हणजे चर्चचे पाद्री नाहीत, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले साधे गृहस्थ. पण ओवी-ओवीनं शास्त्र शिकवायचं वेड त्यांना लग्नाआधीपासूनचं. ओवी म्हणजे आमच्या लोकांत बायबलातलं एकेक आकडा घातलेलं वाक्य. गुरुवारी सात-आठ जण जमतात, सतरंजीवर गोल बसतात, आणि आळीपाळीनं एकानं एकच ओवी वाचायची.

बाबांचा नियम असा, की पुढं उडी मारायची नाही. कोणी हळूच पुढचं पान उलटलं तर त्यांना पाठ फिरवूनही कळतं. एका नाताळाला मंडळीतल्या नर्सबाई म्हणाल्या, सर, आज तारणाऱ्याच्या जन्माचं वाचू या ना. बाबा म्हणाले, "तिथून आपण मागंच निघालो, बाई. आता पुढं चाला." नाताळाच्या आठवड्यात आम्ही वाचलं काय, तर एका माणसाला दगडांनी ठेचून मारल्याचं. घरी केक होता, तो कोणाच्या घशाखाली उतरेना.

दुसरा नियम कडीचा. सात वाजले की बाबा स्वतः उठून कडी घालत. मग उशिरा येणाऱ्यानं जिन्यावर बसायचं, ओवी ऐकू आली तर ऐकायची, नाही तर देवाचं नाव घेत डास मारायचे. वाचन चालू असताना दार वाजलं तर बाबा नुसता हात वर करत आणि सगळे जागच्या जागी बसून राहत. मी कितीदा या नियमावरून त्यांच्याशी भांडले. बँकेतून यायला मला सात वाजून पाच झाले तर माझ्याच घराच्या जिन्यावर मी पर्स मांडीवर घेऊन बसायची. इतका संताप यायचा की विचारू नका.

तरी मी तो गुरुवार कधी चुकवला नाही. त्याचं कारण आम्ही तेव्हा वाचत होतो तो भाग. पहिल्या मंडळीचा, म्हणजे येशू गेल्यावर मागं उरलेल्या मूठभर लोकांचा. लहानपणी रविवारच्या शाळेत या गोष्टी मी भराभर ऐकल्या होत्या, वारा आला, अग्नी आला, हजारो लोक आले, संपलं. बाबांच्या हातात मात्र एकेक शब्द थांबतो. ते विचारत, "माडीवरची खोली लिहिलंय. म्हणजे जिना आला. जिना कसा असेल?" नर्सबाई म्हणाल्या, "इथल्यासारखाच असेल, सर, अरुंद." ती माणसं मला एकदम दिसली. घाबरलेली, घामेजलेली, कोणाच्या तरी वरच्या खोलीत दाटीवाटीनं बसलेली. त्यांच्याकडे ना इमारत, ना घंटा, ना बाकडी. घरोघरी भाकर मोडायची आणि ज्याच्याकडे आहे त्यानं नसलेल्याला द्यायचं, एवढीच काय ती मंडळी.

आणि ते देवदूत नव्हते, हे बघून मला जास्तच नवल वाटायचं. विधवांच्या पंक्तीत ‘आमच्या बायांना कमी वाढलं’ अशी त्यांच्यातही कुरबूर झाली होती. आई त्या दिवशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसल्या-बसल्या खुदकन हसली. आमच्या मंडळीच्या सहभोजनात दर वर्षी रश्श्यावरून जे होतं ते तिला आठवलं असणार. इतकी आपल्यासारखी माणसं, आणि त्यांच्यातून जग उलटंपालटं करणारं असं काही निघालं. गुरुवारी रात्री मी भांडी घासत असायची आणि डोक्यात तीच माणसं असायची.

आता दादाचं सांगते. दादा माझा मोठा भाऊ. त्यानं कुही गावच्या एका शेतकरी घरातली मुलगी पसंत केली. घर हिंदू, माणसं सरळ, मुलगी शिकलेली. लग्न दोघांनी कोर्टात केलं. बाबांचं म्हणणं एकच, देवाच्या घरात लग्न झालं असतं तर मी आलो असतो. ते गेले नाहीत. लग्नानंतर तिच्या माहेरी जेवण होतं, तिथंही गेले नाहीत. दादा तिकडंच राहायला गेला, सासऱ्यांच्या खत-बियाण्याच्या दुकानात बसायला लागला. त्याचा फोन आला की बाबा वर्तमानपत्र उघडत, आणि आई फोन घेऊन स्वयंपाकघरात जाई.

गंमत बघा, गुरुवारी शेवटची प्रार्थना बाबा करत तेव्हा त्यात दादा हमखास असायचा. नाव घेत नसत. "हे प्रभू, दूर गेलेल्या लेकराला सुखरूप घरी आण," एवढंच म्हणत, आणि आवाज ओला व्हायचा. मला राग यायचा तो तिथंच. देवाकडे मागायचं आणि हाताशी वाजणारा फोन उचलायचा नाही, ही कुठली रीत. आई मात्र त्या प्रार्थनेला कधीच खोलीत नसायची. चहा ठेवते म्हणून आत जायची.

थंडीचे दिवस होते. आम्ही त्या भागात आलो होतो जिथं मंडळीचा पुढारी आयुष्यात पहिल्यांदा परक्या धर्माच्या माणसाच्या घरात पाय ठेवतो, त्यांच्यात राहतो, जेवतो, आणि परत आल्यावर त्याचेच लोक त्याला फैलावर घेतात. बाबा रंगात आले होते. म्हणाले, देवानं ज्याला आपलं म्हटलं त्याच्या ताटात जेवायला आपण नाही म्हणणारे कोण. मी आईकडे पाहिलं. आई खाली बघत होती.

तेवढ्यात दार वाजलं. बाबांचा हात वर गेला. थोड्या वेळानं पुन्हा वाजलं, जरा हळू. कोणी उठलं नाही. ओवी संपली, पुढची सुरू झाली, आणि जिन्यावरून पावलं उतरत गेली. प्रार्थना, चहा, सगळं झाल्यावर कडी काढली तर दाराशी तांदळाचं एक बोचकं. नवा तांदूळ, वास खोलीभर पसरला. बाबा म्हणाले, कोणी तरी मंडळीसाठी अर्पण ठेवलं असेल, प्रभूची स्तुती असो. आईनं बोचकं उचललं आणि आत नेलं. तो तांदूळ आम्ही पुढं कितीतरी दिवस खाल्ला. बाबा दोनदा भात मागून घ्यायचे.

ऊन तापायला लागलं तसे आम्ही तुरुंगाच्या गोष्टीपाशी आलो. राजानं मंडळीच्या एका पुढाऱ्याचा जीव घेतलेला, दुसरा साखळदंडात, दोन शिपायांच्या मध्ये. सकाळी त्याचा निकाल. मंडळी एका बाईच्या घरी जमून त्याच्यासाठी रात्रभर प्रार्थना करतेय. आणि इकडे तुरुंगात उजेड पडतो, साखळ्या गळून पडतात, फाटक आपोआप उघडतं, आणि तो माणूस भर रस्त्यात उभा. त्यालाच खरं वाटत नाही. मग तो त्या बाईच्या घराकडे जातो आणि दार वाजवतो.

ती ओवी वाचायची पाळी नर्सबाईंची होती. घरातली एक दासी दाराशी येते, त्याचा आवाज ओळखते, आणि तिला इतका आनंद होतो की दार उघडायचं सोडून ती आत पळते, तो आला म्हणून सांगायला. आतली माणसं म्हणतात, तुला वेड लागलंय. ती म्हणते, तोच आहे. हे म्हणतात, त्याचा देवदूत असेल. आणि तो बिचारा बाहेर दार वाजवतोच आहे.

सगळे हसले. बाबाही हसले. मग त्यांच्या सवयीनं शब्द धरून विचारू लागले. "आता सांगा, हे सगळे प्रार्थना कशासाठी करत होते?"

"त्याला सोडवावं म्हणून," मी म्हटलं.

"आणि तो दाराशी आला. मग एकटी दासीच काहून उठली? बाकीचे काहून नाही उठले?"

नर्सबाई भोळेपणानं म्हणाल्या, "प्रार्थना चालू होती ना, सर. आपण तरी कुठं उठतो?"

बाबा पुस्तकात बघत राहिले. खालून एक हातगाडी खडखडत गेली. तेव्हा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून आई बोलली. या अभ्यासात आई बोलल्याचं मला तरी आठवत नव्हतं.

"तांदूळ घेऊन तोच आला होता," ती म्हणाली. "इतवारीच्या बाजारात टेम्पो अडकला म्हणून सात वाजून गेले त्याचे. दोनदा वाजवलं म्हणे त्यानं."

बाबांनी मान वर केली. "तुले माहीत होतं?"

"दुसऱ्याच दिवशी फोन आला होता."

"मग सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हटलं असतं, वेळेवर यायचं होतं." आई पदरानं हात पुसत होती, हात कोरडेच होते तरी. "माझं कुठं ऐकता तुम्ही. शास्त्राचं ऐकता. म्या म्हटलं, उडी तर तुम्ही मारत नाही, तर येऊ द्या ती ओवी."

मी आजवर पुष्कळ मोठ्या माणसांची प्रवचनं ऐकली आहेत. पण त्या उंबऱ्यावर बसलेल्या माझ्या आईकडे बघून मी जशी थक्क झाले तशी कधी झाले नाही. ज्या क्रमाचा मला जाच वाटायचा, त्याच क्रमावर ही बाई भरवसा टाकून बसली होती. तिला ठाऊक होतं वाटेत काय येणार ते. ती ओवी एकेका गुरुवारानं आमच्या दाराकडे चालत येत होती, आणि आई लेकाचा तांदूळ नवऱ्याला वाढत वाट पाहत होती. मला तिचा रागही आला, खोटं कशाला बोलू. इतके दिवस पोटात ठेवायचं म्हणजे काय. पण भीतीही वाटली, चांगल्या अर्थानं, देवळात किंवा चर्चमध्ये एकट्यानं शिरताना वाटते तशी.

बाबा उठले. अध्याय अर्धा होता, ओवी अर्धी होती. त्यांनी जाऊन कडी काढली आणि दार सताड उघडं केलं. जिन्यावर कोणीच नव्हतं, अर्थात. ते तिथं बराच वेळ उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून. त्यांचे खांदे हलत होते. त्या गुरुवारी शेवटची प्रार्थना झालीच नाही. माणसं एकेक करून त्यांच्या बाजूनं गुपचूप उतरून गेली.

सकाळी बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार. आईला म्हणाले, "चाल, कुहीले जाऊ." मी बँकेत रजा टाकली. बसमध्ये बाबांच्या मांडीवर बर्फीचा डबा होता, तो धरून ते बसले होते. मी आईच्या कानात विचारलं, दादाला कळवलंस का? तिनं मान हलवली, नाही.

दादाचं घर दुकानाच्या मागं, अंगणाला भिंत आणि भिंतीत लोखंडी दार. आतून कडी. मी पुढं झाले तर बाबांनी मला मागं सारलं आणि स्वतः दार वाजवलं. बांगड्या वाजल्या, कोणीतरी आतल्या बाजूनं जवळ आलं.

"कोण जी?" वहिनीचा आवाज.

बाबा म्हणाले, "मी हाय, बाई. बाबा."

पावलं आत धावत दूर गेली. दार बंदच. मला काही समजेना, बाबा वहिनीशी उभ्या जन्मात एक शब्दही बोललेले नाहीत, ती आवाज ओळखणार कशी. मी आईकडे पाहिलं. आई भिंतीला टेकून उभी होती, आणि म्हणाली, "दर गुरुवारी फोन लावून ओट्यावर ठेवत होती मी. प्रार्थनेच्या वेळी. दोघंही ऐकत."

म्हणजे चहाचं ते आधण. आम्ही कडी घालून बसायचो आणि आमची मंडळी कुहीपर्यंत पसरली होती, बाबांना पत्ता नव्हता. ज्या लेकरासाठी ते रडत होते ते लेकरू आणि त्याची बायको तेच रडणं ऐकत होती. बाबांनी भिंतीवर हात टेकला.

आतून वहिनीचा आवाज येत होता, धापा टाकत. "अवो, बाबा आले. खरंच, बाबाच हायेत." आणि दादाचा, कुठंतरी मागच्या मोरीपाशी, "पागल झाली काय वं? ते कुठचे येतात."

"मी आवाज ओळखला ना त्यायचा."

"दुसरं कोणी असंन."

आईनं हाक मारायला तोंड उघडलं. बाबांनी हात वर केला, तोच हात, गुरुवारचा. पण डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. "थांब," ते म्हणाले. "मले वाजवू दे."

आणि ते दार वाजवत राहिले. आतून कडी निघाली तेव्हाही त्यांचा हात दारावरच होता.