शेवटच्या दिवसाचे मासे

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी माझं स्वतःचं हसणं आठवतं.

दोन हजार बारा सालचा डिसेंबर. दूर देशातल्या माया लोकांचं जुनं पंचांग एकवीस तारखेला संपतं, म्हणून जगही संपणार, असं टीव्हीवर रोज चाललं होतं. मी तेव्हा चंद्रपूर जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यात ठाणेदार होतो. ठाण्यात नुसती थट्टा. एका हवालदाराने रजेच्या अर्जात कारण लिहिलं, 'जग बुडत असल्याने'. मी शेरा मारला, 'बुडाल्यावर मंजूर'. बावीस तारखेला सकाळच्या हजेरीला सगळे जिवंत निघाले, त्यावरही आम्ही हसलो.

साडेआठला एका गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला. या पाटलाला गोष्ट शेपटाकडून सांगायची सवय.

"साहेब, इथी लोकं म्हन्तेत, दुनिया खतम व्हाले लागली..."

"पाटील, ती कालच व्हायची होती. दुपारी माणूस पाठवतो," असं म्हणून मी हसत फोन ठेवला. पुढचं ऐकलंच नाही.

अकराला दुसरा फोन. "साहेब, म्हाताऱ्या बाईले खांबाले बांधलं. मारून राह्यले. तुमी या ना!"

आम्ही तसेच निघालो. चौकात विजेच्या खांबाला एक विधवा म्हातारी बांधलेली होती. तोंडातून रक्त येत होतं आणि उजवं मनगट लोंबत होतं. बाई एकटी राहायची आणि जिभेची तिखट होती. वीस तारखेला बोअरिंगवर पाणी भरताना ती म्हणाली होती, "उद्या दुनिया खतम होते म्हन्ते वो. मासे-गिसे खाऊन घ्या, वरती कुठी भेटते?" सगळ्या बायका पोट धरून हसल्या. दुसऱ्या दिवशी गावात बऱ्याच घरी मासे शिजले. संध्याकाळपासून लोकांना उलट्या सुरू झाल्या, आणि पहाटे पन्नाशीची एक बाई गेली. मग परवाच्या थट्टेची करणी झाली. गर्दीत सर्वांत पुढे त्या मेलेल्या बाईचा मुलगा होता, तीस-बत्तीस वर्षांचा. काठी त्याच्याच हातात होती.

म्हातारीला आणि आजारी लोकांना ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल केला, प्रेत शवविच्छेदनाला धाडलं, उरलेलं कालवण पंचनाम्यात जप्त केलं. जबाब घ्यायला बसलो तर प्रत्येकाचं एकच: "मासे नाल्याच्या डोहातले. नेहमी मारतो तसेच मारले." कोणी मारले, ते कोणी सांगेना. खाल्ले सगळ्यांनी, मग एकच बाई कशी मेली, याचं उत्तर मात्र गावाकडे तयार होतं. म्हातारीनं तिच्यावरच नेम धरला म्हणे.

त्या भागात नाल्याचं वाहणं थांबलं की एका झाडाची साल कुटून डोहात कालवतात. मासे गुंगून वर येतात, ते गोळा करायचे. आदल्या दिवशी दवंडी देतात, म्हणजे त्या पाण्यावर कोणी ढोरं नेत नाही. मी पाटलाला विचारलं, दवंडी झाली होती का?

"नाई साहेब. या खेपेस नाई झाली."

तिथेच मला खटकलं. जन्मभर मासेमारी केलेल्या गावातल्या एका म्हाताऱ्या ढिवराला घेऊन मी डोहावर गेलो. तो काठावर उकिडवा बसला आणि काडीने एक मेलेला खेकडा उलटा केला. शेजारी बेडूक मरून फुगले होते.

"सालीनं मासा बेहोश होते, घडीभरानं उठते. खेकडा नाई मरत साहेब. हे फवारनीचं औषध व्हय."

झुडपात धानावर फवारायच्या औषधाची रिकामी बाटली सापडली. मारहाणीसाठी त्या मेलेल्या बाईच्या मुलाला ठाण्यात आणलं. मी आवाज चढवला नाही. समोर बसवून पाणी दिलं आणि विचारलं, "मासे कोणी रांधले?"

"आईनं."

"तिनं काय खाल्लं?"

त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. "आमाले तुकडे वाढले. मुंडकी अन् पोटातलं आईच खाते, नेहमीच. फेकाचं काऊन, म्हन्ते." एवढं बोलला आणि त्याने तोंड झाकून घेतलं. "साल कुटाले दिवस जाते, साहेब. दुनियाच नाई राहत तं कोन वाट पायते, म्हनून हसत हसत बाटली ओतली."

"मग त्या म्हातारीला का मारलंस?"

"तिची करनी नसती, तं आईले मारनारा मीच होतो ना, साहेब."

पुढे व्हिसेराचा अहवाल आला, त्यात तेच औषध निघालं, दोषारोपपत्र गेलं, कायद्याने आपलं काम केलं. या प्रकरणाने मला एक शिकवलं. करणीवर विश्वास नसलेल्या माणसालाही कधी कधी करणी करणारा कोणीतरी हवा असतो. म्हणून पुढे जमावात सर्वांत मोठ्याने ओरडणाऱ्याकडे मी आधी पाहत आलो. दुसरी गोष्ट शिकायला स्टेशन डायरी पुरे होती. फोन आला साडेआठला, रवाना अकराला, दोन्ही नोंदी माझ्या अक्षरात. त्या बाईचा हात या दोन नोंदींच्या मध्ये मोडला. अर्धं ऐकून फोन ठेवणाऱ्या माणसाने अंगावर वर्दी चढवू नये, असं मला अजून वाटतं आणि लाज वाटते.

दोन वर्षांनी बंदोबस्ताला त्या गावात गेलो. बोअरिंगवर बायका हसत होत्या. ती म्हातारी आपल्या दारात एकटीच बसली होती.

"आजी, ओळखलं का?"

"ओळखलं ना. उशिरा आले होते तुमी." तिच्या आवाजात राग नव्हता. "पाटलाचा पह्यला फोन सकाळीच गेला होता म्हन्ते."

मी हो म्हणालो. ती उठली, आत गेली आणि डाव्या हाताने माझ्यासाठी पाण्याचा गडवा घेऊन आली.